मदत हवी आहे: बार्बारीने सुळक्याचं पोस्टकार्ड १९०५ च्या आधीचं की नंतरचं?

मंडळी, एका कार्डापाशी आठवडाभर अडकलोय. जाणकारांनी वाट दाखवावी.

मी जर्मनीतल्या सॅक्सन स्वित्झर्लंडची जुनी पोस्टकार्डं जमवतो. एल्ब नदीकाठचे वालुकाश्माचे कडे, घळी, सुळके. तिथल्या बास्टाइ कड्यावरचा १८५१ चा दगडी पूल बहुतेक गठ्ठ्यांत असतोच, पण परवा लिलावात घेतलेल्या गठ्ठ्यात बार्बारीने निघाली आणि जीव हरखला. फाफेनश्टाइन डोंगराला लागून एकटाच उभा असलेला, सुमारे ४३ मीटरचा सुळका. रविवारी चर्चला न जाता रानात फळं वेचत बसलेली मुलगी आईच्या शापाने दगड झाली, ती ही, असं तिकडे सांगतात.

पेच असा. कार्डावर सुळक्याच्या माथ्यावर दोन माणसं उभी आहेत, एकाचा हात वर. या सुळक्यावर पहिलं आरोहण झालं सप्टेंबर १९०५ मध्ये, रुडॉल्फ फेरमान आणि ऑलिव्हर पेरी-स्मिथ यांचं. कार्डाच्या पाठीवर मात्र मधली उभी रेघ नाही. अख्खी पाठ पत्त्याला, आणि मजकूर पुढे चित्राखालच्या पट्टीत दाटीवाटीने लिहिलेला. जर्मनीत दुभागलेली पाठ (अर्धी पत्त्याला, अर्धी मजकुराला) १९०५ च्या सुरुवातीलाच आली. कार्ड त्याआधीचं धरलं, तर ही दोघं वर पोचली कशी?

तिकीट ५ फेनिगचं, हिरवं, जर्मानियाचं (जर्मनीचं प्रतीक असलेली मुकुटधारी स्त्री). त्यावर 'राइख्सपोस्ट' नसून 'डॉइचेस राइख' आहे, म्हणजे १९०२ च्या आधीचं नक्की नाही. शिक्क्यातला सालाचा शेवटचा आकडा नेमका तिकिटाच्या दातेरी कडेवर फुटलाय. कधी ४ वाटतो, कधी ९.

छपाई कोलोटाइप (जिलेटिनच्या थरावरून केलेली), वरून हाताने रंगवलेली. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी नाही, सुरकुतल्या सायीसारखी बारीक कणी आहे. माणसांच्या आकृत्यांतही तीच कणी दिसते, पण ती निगेटिव्हवरच ब्रशने काढली असतील तरी कणी येणारच, त्यामुळे निकाल लागत नाही. मग पट्टी लावली. सुळका ८६ मिलिमीटर, माणसं ५ मिलिमीटर. त्या हिशोबाने माणूस अडीच मीटरचा होतो! फक्त सुळक्याचा पायथा झाडीत झाकलाय, त्यामुळे खरा आकडा याहून कमी येणार. तरीही मला ती मागाहून काढलेलीच वाटतात.

रेघ नसलेल्या पाठीची कार्डं १९०५ नंतरही खपत होती का? कुणाच्या संग्रहात तारखेसकट उदाहरण असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो टाका. बार्बारीनेचंच, माथा रिकामा असलेलं कार्ड असेल तर सोन्याहून पिवळं. दोन्ही शेजारी ठेवून बघता येईल.

दुसरं, जर्मानियाच्या तिकिटांवर १९०५ पासून वॉटरमार्क (कागदातच उमटवलेली पुसट खूण) येऊ लागला. तो तिकीट न सोडवता बघायचा काही मार्ग आहे का? कार्ड जाड आहे, मागून टॉर्च धरून काही दिसत नाही. कार्ड पाण्यात भिजव असं एकाने सुचवलं, पण वरचे रंग आणि मजकुराची जांभळी शाई दोन्ही जातील, ते मी करणार नाही.