मुलगा जूनमध्ये पुण्याला जाईल. तोवर त्याच्याकडे काय काय सोपवायचं?

दोन_मुलांची_आई
थोरला १७ पूर्ण, बारावीत. धाकटा १४, नववीत. थोरला पुढच्या जूनमध्ये बहुधा पुण्याला शिकायला जाईल. डब्यापासून बँकेपर्यंत आजवर सगळं आम्हीच बघतो. एकदम सोडलं तर गोंधळेल, आणि आत्ता नाही सोडलं तर तिकडे जाऊन गोंधळेल. स्वयंपाक, पैसे, गाडी, तब्येत, यातलं आधी काय? "चांगले संस्कार असले की होतं सगळं" हे उत्तर घरी मिळालेलं आहे, त्यामुळे कृपया नेमकं सांगा.

फोडणी_तडतडली
स्वयंपाक आधी. चुकलं तर तासाभरात कळतं आणि वाया जातं ते एक जेवण. पोळ्यांच्या मागे लागू नका, पुण्यात पोळ्या विकत मिळतात. आधी कुकर, मग फोडणी, मग पोहे आणि अंडी.

कुकर: झाकण लावण्याआधी शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघायची. ही सवय पहिल्या दिवसापासून. भाताला १ वाटी तांदूळ, २ वाट्या पाणी. तूरडाळीला १ वाटीला अडीच ते तीन वाट्या पाणी, हळद, हिंग आणि चमचाभर तेल. डाळ थेट कुकरात लावली तर अर्ध्याच्या वर भरायची नाही, कारण डाळीला फेस येतो, तो नळीत अडकतो आणि वाफेची वाट बंद होते. तेल फेस कमी ठेवतं. दाब उतरण्याआधी झाकण ओढायचं नाही, कितीही भूक लागली तरी. शिट्टी होत नसेल आणि कडेने वाफ जात असेल तर बहुतेक वेळा रिंग सैल झालेली असते. ती बदलायची, झाकणावर वजन ठेवायचं नाही. (हा उपाय मुलगे हमखास करतात.)

फोडणी: मोहरी पूर्ण तडतडली की गॅस बारीक, मग जिरं, हिंग, सगळ्यात शेवटी हळद. ती जळली की भाजी कडू. कढीपत्ता पुसून टाकायचा, नाहीतर तेल अंगावर उडतं. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद आणि कढईवर झाकण. पाणी अजिबात नाही, पाण्याची वाफ होऊन पेटतं तेल ओट्याभर उडतं. हे तोंडी सांगून भागत नाही, थंड कढई घेऊन दोनदा करून घ्या.

आणि एक तुमच्यासाठी: त्याने घासलेलं भांडं पुन्हा घासायचं नाही. काम दिलं की पूर्ण द्यायचं. "आज जेवण तुझं" म्हणजे भाजी आणण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. अर्धं काम दिलं की तो फक्त हाताखालचा माणूस होतो आणि विचार करायचं तुमच्याकडेच राहतं.

गिअर_नंबर_तीन
गाडीचं उत्तर सोपं आहे: १८ पूर्ण होईपर्यंत किल्ली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही, तोही सार्वजनिक रस्ताच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर. १६ व्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. नेहमीच्या ११० आणि १२५ सीसीच्या स्कूटरला तो चालत नाही, ही पळवाट बरेच पालक धरून बसतात.

अठरा पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना, तो ६ महिने चालतो, आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी. तोवर त्याला एकट्याने एसटीचा आणि रेल्वेचा प्रवास करू द्या, आरक्षण त्यानेच करायचं.

हिशेबनीस
रोज मागितले की पैसे द्यायची पद्धत आज बंद करा. बस, रिचार्ज, केस कापणं, वह्या, बाहेरचं खाणं यांची यादी त्यालाच करायला लावा, बेरीज करा आणि रक्कम एकदम द्या. आधी आठवड्याची, मग पंधरवड्याची, दिवाळीपासून महिन्याची. एकदम महिन्यावर उडी मारली की १० तारखेला खडखडाट होतो. संपले तर वाढवून द्यायचे नाहीत. बसभाडं आणि औषध एवढाच अपवाद. इथेच आई-बाबांचं फाटतं: एक नाही म्हणतो, दुसरा गुपचूप पाठवतो.

खातं १० वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवता येतं, मर्यादा बँक ठरवते. अठरा झाल्यावर नवी सही आणि केवायसी लगेच द्या, नाहीतर ऐन प्रवेशाच्या वेळी व्यवहार अडकतात. आधारमधले ठसे १५ नंतर पुन्हा द्यावे लागतात, थोरल्याचे राहिले असतील तर आधी ते. धाकट्याचे पुढच्या वर्षी.

वॉर्ड_नंबर_पाच
तब्येतीचं कुणी लिहिलं नाही म्हणून. दोघांनाही, धाकट्याला आधी, एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा: एका अंडकोषात अचानक जोरात दुखलं, सूज आली, मळमळलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी उठवायचं. वृषणाला पीळ पडून रक्तपुरवठा तुटतो. साधारण ६ तासांत पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वाचतं, पुढे दर तासाला शक्यता घटते. १२ ते १८ या वयात हे सगळ्यात जास्त होतं. मुलं लाजेपायी "पोटात दुखतंय" म्हणतात, आपण ओवा देतो आणि रात्र निघून जाते. दुखणं आपोआप थांबलं तरी दाखवायचं. वेदनाशामक देऊन सकाळची वाट बघायची नाही, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय.

याच वयात छातीत गाठीसारखं लागतं, ते बऱ्याच मुलांना होतं आणि बहुतेकांचं वर्षा-दोन वर्षांत जातं. मुलगा पोहायला जायचं टाळत असेल तर कारण हे असू शकतं. वाढत राहिलं किंवा एकाच बाजूला कडक लागलं तर डॉक्टर.

हॉस्टेलला जाताना औषधांच्या डब्यात पॅरासिटामॉल ५००, ओआरएस, थर्मामीटर, पट्ट्या. प्रतिजैविकं नकोत. ताप तिसऱ्या दिवशीही असेल तर रक्त तपासायचं, पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू असतोच.

दोन_मुलांची_आई
अंडकोषाचं बाबांकरवी आजच सांगते. अजून एक: फोनवर त्याचं लोकेशन कायम दिसलं पाहिजे, असं घरात मत आहे.

फोडणी_तडतडली
कायम नको. रात्रीच्या प्रवासात चालू, पोचला की बंद, आणि तुमचंही त्याला दिसू दे. फोनची एक वेळ ठरवा, ती त्याने निवडायची. आणि हे सगळं डिसेंबरच्या आत. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा. जानेवारीपासून त्याला कुकरही लावायला सांगू नका, ते काम तेव्हा धाकट्याकडे.