शब्दचर्चा : ‘ऑपरेटर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न – डिचोली
आमच्याकडे येणारी मुले प्राथमिक गणित मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. त्यांच्यासाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे मराठी टिपण तयार करताना ‘क + ख * २’ यासारख्या एक्स्प्रेशनमधील ऑपरेटरला, म्हणजे +, * अशा क्रिया सांगणाऱ्या खुणेला, कोणता शब्द योजावा, हे ठरत नाही. सहकाऱ्यांनी क्रियाचिन्ह, कारक आणि चालक असे तीन शब्द सुचवले आहेत. एक्स्प्रेशनला ‘राशी’ म्हणावे असे मला वाटते, कारण ‘बैजिक राशी’ हा प्रयोग रुळलेला आहे.

उत्तर – मडगाव
सर, राशी ठीक आहे. ऑपरेटर मात्र तसाच ठेवावा. मुलांना पुढे तोच शब्द सगळीकडे भेटणार आहे.

उत्तर – फोंडा
शब्द तसाच ठेवला तरी त्याचा अर्थ मराठीत सांगावाच लागेल, म्हणून हा विचार टाळता येत नाही. चालक प्रथम बाजूला ठेवावा. गोव्यातल्या मुलाला त्यावरून कदंबच्या बसचा ड्रायव्हरच आठवेल. कारक वरवर नेमका वाटतो, पण वाक्यातील नामाचे क्रियेशी जे नाते असते त्याला व्याकरणात कारक म्हणतात. म्हणजे ‘क + ख’ मध्ये क्रिया अधिकच्या चिन्हाकडे आहे आणि कारकाची जागा क व ख यांची आहे. ऑपरेटरलाच कारक म्हटले, तर मराठीच्या तासाला शिकलेले संगणकाच्या तासाला उलटे होईल. क्रियाचिन्ह सर्वांत जवळचा आहे, परंतु पायथनमधील अँड, ऑर, नॉट आणि सी भाषेतील साइझऑफ हे चिन्हे नसून शब्द आहेत, आणि तरीही ते ऑपरेटर आहेत. म्हणून मी ‘क्रियादर्शक’ सुचवतो. ऑपरंडला ‘पद’ म्हणू नये, कारण बीजगणितात पदाचा अर्थ वेगळा आहे. ‘ज्यावर क्रिया होते ती किंमत’ एवढे सांगितले तरी पुरे.

याहून मोठा घोटाळा अग्रक्रमाचा, म्हणजे कोणती क्रिया आधी करायची याचा आहे, आणि तो आपल्या ‘कंचेभागुबेव’मुळे (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) होतो. ते सूत्र अक्षरशः घेणारे मूल ७ - २ + ३ मध्ये आधी बेरीज करून २ हे उत्तर काढते. पायथन, सी, एक्सेल यांत उत्तर ८ येते, कारण बेरीज आणि वजाबाकी यांचा अग्रक्रम सारखा असून त्या डावीकडून उजवीकडे केल्या जातात. गुणाकार आणि भागाकार यांचेही तसेच. घात (त्याचे चिन्ह **) मात्र पायथनमध्ये उजवीकडून सोडवला जातो, त्यामुळे २ ** ३ ** २ ची किंमत ६४ नसून ५१२ होते. ऋण चिन्हाचा नियम तर भाषेगणिक बदलतो: -२ ** २ चे उत्तर पायथनमध्ये -४ येते, एक्सेलमध्ये =-२^२ लिहिल्यास ४ येते, आणि जावास्क्रिप्ट कंस घातल्याशिवाय अशी राशी स्वीकारतच नाही.

डिचोली
क्रियादर्शक पटला. पण ‘क = क + १’ पाहिल्यावर मुले हे समीकरण खोटे आहे असे म्हणतात, त्यांना काय सांगावे?

फोंडा
गणिताच्या दृष्टीने मुलांचे बरोबरच आहे. गणिती रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये = हे चिन्ह समानतेसाठी योजले. १९५७ साली आलेल्या फोर्ट्रान या प्रोग्रामिंग भाषेने तेच किंमत साठवण्यासाठी वापरले, आणि सी भाषेनेही तोच मार्ग धरला. अल्गोल या भाषेने त्यासाठी := हे वेगळे चिन्ह घेतले होते, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचे होते. आता एकेरी चिन्ह ‘क मध्ये ठेवा’ असे आणि दुहेरी चिन्ह ‘समान आहे का?’ असे मोठ्याने वाचायला लावावे. सीमध्ये = हा क्रियादर्शकच असल्यामुळे अट तपासणाऱ्या ‘इफ’च्या कंसात == ऐवजी तो पडला तरी प्रोग्राम चालू शकतो आणि चूक लपून राहते; पायथनमध्ये तो राशीचा नव्हे, तर विधानाचा (पूर्ण आदेशाचा) भाग असल्यामुळे तेथे प्रोग्राम सुरूच होत नाही. तेव्हा पायथनच्या टिपणात = ची नोंद क्रियादर्शकांच्या तक्त्यात न करता स्वतंत्र परिच्छेदात करावी.