माल्टपासून पहिली बिअर: साखर कमी का उतरली?

पत्र पहिले

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

दोन वर्षे मी तयार माल्ट-अर्कापासून (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली) घरी बिअर करत आलो. गेल्या शनिवारी मात्र अर्काला हात न लावता, बार्लीच्या माल्टची भरड काढण्यापासून सगळे स्वतः केले. मंडळात हा मार्ग आधीच चोखाळलेले काही जण आहेत, म्हणून त्यांच्यापुढे माझा प्रश्न सविस्तर मांडतो.

माल्ट ५ किलो आणि पाणी १५ लिटर घेतले होते. मॅश, म्हणजे भरड आणि गरम पाण्याचे मिश्रण, ६७ अंश सेल्सियसला बसवायचा होता. दाणे २० अंशांचे असल्याने ते पाण्यातली उष्णता ओढून घेणार हे धरून आधण ७३ ते ७४ अंशांवर आणले, भरड थोडी थोडी वैरली आणि गुठळ्या लाकडी डावाने फोडत राहिलो. तापमापक बरोबर ६७ वर स्थिरावला. पहिल्या पंधरावीस मिनिटांत पाण्याचा पिठूळपणा सरून त्याला तपकिरी झाक आली, आणि चमच्यावर घेऊन चाखले तर ते चक्क गोड लागले. साखरेचा कणही न घातलेल्या भांड्यात हा गोडवा उतरताना अनुभवणे, एवढ्यासाठी तरी प्रत्येकाने एकदा माल्टपासून बिअर करून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

तासाभराने पांढऱ्या बशीत आयोडीनचा थेंब टाकून पाहिला; तो काळा-निळा झाला नाही, म्हणजे स्टार्च शिल्लक नव्हते. मग वर्ट, म्हणजे तयार झालेला गोड द्रव, काढून घेतला, ७५ अंशांच्या पाण्याने चोथा धुतला आणि झाकण न ठेवता तासभर उकळले. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) ठरल्या वेळी घातले. शेवटी २० लिटर वर्ट हाती आला, पण तो २० अंशांपर्यंत थंड करून हायड्रोमीटर (घनतामापक) सोडला तेव्हा घनता १.०५६ ऐवजी १.०४२ भरली; पाण्याची १.००० धरतात आणि साखर जितकी जास्त तितकी ती वाढते, म्हणून १.०४२ म्हणजे ४२ गुण. किलोमागे लिटरच्या हिशेबाने जास्तीत जास्त ३०० गुण धरले, तर ५ किलोतून १५०० मिळायला हवेत. मला ४२ गुणिले २०, म्हणजे ८४० मिळाले. हे ५६ टक्केच झाले, अपेक्षा ७५ टक्क्यांची होती. मॅशचे तापमान तासाभरात ६४ अंशांपर्यंत उतरले होते. दोष त्याचाच आहे का, आणि पुढच्या खेपेस मॅश दीड तास ठेवावा का?

आपला,
नवशिका सभासद


पत्र दुसरे

स.न.वि.वि.

आपण आकडे जपून ठेवलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. तापमानाला दोष देऊ नये. स्टार्चची साखर करणाऱ्या माल्टमधल्या विकरांपैकी ६४ अंशांना बीटा-अमायलेज उत्तम काम करते आणि ६७ ला अल्फा-अमायलेजही जोडीला असते. या दोन-तीन अंशांनी यीस्टला पचणाऱ्या साखरेचे प्रमाण बदलते, पण दाण्यातून एकूण किती उतरले यात एवढी तूट पडत नाही.

आयोडीनने आपल्याला जे सांगितले ते खरे आहे, परंतु ते बशीतल्या द्रवापुरतेच खरे आहे. जे स्टार्च दाण्याबाहेर आलेच नाही, ते बशीपर्यंत पोहोचणार कसे? चोथा अजून टाकला नसेल तर मूठभर घेऊन कागदावर पसरावा आणि त्यातले अख्खे दाणे मोजावेत. एखादा नखाने दाबून पाहावा. आत पांढरा, टणक गाभा लागला तर आपली हरवलेली साखर तिथेच आहे.

तसे असल्यास गिरणीच्या रुळांमधली फट कमी करावी. दाणा फुटला पाहिजे, पण टरफलाचे पीठ होता कामा नये, कारण वर्ट गाळून घेताना टरफलांचा थरच गाळणीचे काम करतो. चोथा धुताना घाई केल्यास पाणी एकाच वाटेने खाली उतरते आणि बाकीच्या थरातली साखर तशीच राहते, म्हणून नळ अर्धवटच उघडावा. पाणी ७७ अंशांच्या वर नेऊ नये, नाहीतर टरफलातला तुरटपणा उतरतो, आणि पाणी अल्कधर्मी असेल तर जास्तच. मॅशचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा, pH) ५.२ ते ५.६ च्या दरम्यान आहे ना, हेही पाहून ठेवावे. (सामूची मोजपट्टी सोरेन्सन यांनी १९०९ साली मांडली, तीही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, बिअर करणाऱ्यांनी हे अभिमानाने लक्षात ठेवावे.)

मॅश दीड तास ठेवण्याने अख्खा दाणा फुटणार नाही.

आपला,
जुना सभासद


पत्र तिसरे

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आले तेव्हा चोथ्याची पिशवी अजून अंगणातच होती. शंभर दाणे वेचून मोजले, तर त्यांत २३ अख्खे निघाले, आणि दाबल्यावर बहुतेकांच्या आत आपण म्हणता तसा पांढरा गाभा होता. गिरणीची फट १.६ मिलिमीटर होती, ती १.१ वर आणली. बाकी काहीही न बदलता काल दुसरी खेप केली. त्याच ५ किलोतून २० लिटर वर्ट १.०५३ घनतेचा मिळाला, म्हणजे जवळपास ७१ टक्के.

या वेळी गाळण मात्र दोनदा तुंबली आणि चोथा पुन्हा ढवळून बसवावा लागला. फट आणखी कमी करण्याआधी, दळण्यापूर्वी दाण्यांवर वजनाच्या दोन टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर पाणी शिंपडून टरफले मऊ करून पाहावीत, असा विचार आहे. त्याने टरफले अखंड राहतात असे वाचले आहे. आपण हे करून पाहिले असल्यास, पाणी शिंपडल्यावर किती वेळ थांबून दळता, ते कृपया कळवावे.

पहिल्या खेपेची बिअर १.०१० वर येऊन थांबली, त्यामुळे तिच्यात मद्यार्क सुमारे ४.२ टक्के आहे. रविवारी ती बाटल्यांत भरतो. आपल्यासाठी दोन बाजूला ठेवल्या आहेत.

आपला,
नवशिका सभासद