मदत हवी आहे: गाळ्याचा निकाल आमच्या बाजूने लागला, आता भाडेकरूने अपिलात स्टे (स्थगिती) मागितलाय. म्हणणं (लेखी उत्तर) काय द्यावं?

घाटमाथा:

नमस्कार मंडळी. कोर्टकचेरीचा अनुभव असलेल्यांचा सल्ला हवाय. जरा सविस्तर लिहिते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत आईच्या नावावर एक गाळा आहे. वडिलांनी फार पूर्वी भाड्याने दिलेला. भाडं आजही महिना ४५० रुपये. माझा भाऊ मोटार रिवाइंडिंग करतो, पण दुसऱ्याच्या शेडमध्ये, महिना ९ हजार मोजून. म्हणून २०१४ साली आईने भाडे नियंत्रण कायद्याखाली, स्वतःच्या गरजेचं कारण देऊन दावा लावला. अकरा वर्षांनी निकाल लागला. तीन महिन्यांत ताबा द्यावा, असा हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम आदेश) झाला.

तीन महिने गेले, ताबा नाही. आम्ही दरखास्त (हुकूमनामा अंमलात आणण्याचा अर्ज) दाखल केली, ताबा वॉरंट निघालं. बेलीफ (कोर्टाचे कर्मचारी) गाळ्यावर गेले, तेव्हा भाडेकरूने अपिलाचा नंबर पडल्याचा कागद पुढे केला. "अपील दाखल आहे, म्हणजे स्टे आहे," म्हणाला. बेलीफ तसेच माघारी आले. आई ७४ वर्षांची आहे. ती त्या दिवशी रिक्षा करून गेली होती, किल्ली आजच हातात पडेल म्हणून. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून होती.

आता स्टेच्या अर्जाची नोटीस आली आहे, तारखेला अठरा दिवस आहेत. आमचे वकील म्हणतात, "स्टे मिळणारच, विरोध करून उपयोग नाही." खरंच असं असतं का? आणि म्हणण्यात लिहायचं तरी काय?

दरखास्तवाली:

ताई, मी दिवाणी बाजूला वकिली करते. आधी बेलिफाचं सांगते, कारण ही चूक फार ठिकाणी होते. नुसतं अपील म्हणजे स्टे नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ४१, नियम ५ सुरूच इथून होतो की अपील दाखल झालं एवढ्याने अंमलबजावणी थांबत नाही. अपील कोर्टाने वेगळा आदेश करावा लागतो. तो आदेश खालच्या कोर्टाला कळवला गेला की लागू होतो. प्रत यायला वेळ असेल तर स्टे झाल्याचं स्वतःच्या माहितीवरून केलेलं अपीलकर्त्याचं प्रतिज्ञापत्रही चालतं. पण अपिलाचा नंबर यातलं काहीच नाही. स्थगितीचा आदेश रेकॉर्डवर नाही, वॉरंट पुन्हा काढावं, असा अर्ज दरखास्तीत लगेच द्या. तारीख जवळ आहे म्हणून कोर्ट कदाचित थांबेल, पण तुम्ही गप्प बसला नाहीत हे रोजनाम्यावर (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) येऊ द्या.

आता म्हणणं. स्टे देण्याआधी कोर्टाने तीन गोष्टी बघायच्या असतात: स्टे न दिल्यास अर्जदाराचं भरीव नुकसान होईल का, अर्ज विनाकारण उशिरा केलाय का, आणि पुढे हुकूमनामा पाळण्याची हमी तो देतोय का. तुमच्या वकिलांचं अर्धं खरं आहे. भाडेकरूचा ताबा गेला तर अपिलाला फारसा अर्थ उरत नाही, म्हणून अशा अपिलात स्टे बहुतेक वेळा मिळतो. पण तो फुकट मिळू नये, यासाठी भांडता येतं. तुमची सगळी ताकद तिथे लावा.

आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००४ चा निकाल वकिलांना दाखवा. दिल्लीतल्या कॅनॉट सर्कसमधलं दुकान, करारातलं भाडं ३७१ रुपये ९० पैसे. अपील न्यायाधिकरणाने स्टे दिला, पण महिना १५ हजार भरायच्या अटीवर. उच्च न्यायालयाने ती अट काढली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा घातली. कारण साधं आहे. ताबा सोडण्याचा हुकूमनामा झाल्यावर तो माणूस जुन्या भाड्याच्या हक्काने तिथे बसलेला नसतो. मालकाला ती जागा बाजारात जे देऊन गेली असती, तेवढी भरपाई त्याने द्यायची. २००९ साली सुपरमॅक्सच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच कायम केलं. तिथे भाडेकरू खुद्द महाराष्ट्र शासन होतं आणि जागा मुंबईतली. मात्र रक्कम वाजवी हवी, शिक्षा वाटेल अशी नको, हेही त्याच निकालात आहे.

म्हणून भरपाईचा आकडा हवेत सांगू नका. त्याच पेठेतल्या दोन-तीन गाळ्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारांच्या नकला काढा. शक्य असेल तर सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल जोडा. भावाच्या शेडच्या भाड्याच्या पावत्याही जोडा, त्या फार बोलतील.

जुनाखटला:

सहा महिन्यांनी स्टे आपोआप उठतो ना? मग एवढी धावपळ कशाला?

दरखास्तवाली:

नाही हो, दादा. ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एशियन रिसर्फेसिंग निकालातलं होतं. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी ते रद्द केलं. स्टेला मुदत घातलेली नसेल, तर तो उठवायला अर्ज करूनच उठवावा लागतो. म्हणून सांगते, पहिल्याच आदेशात लिहून घ्या: अमुक तारखेपर्यंत रक्कम भरली नाही तर स्थगिती आपोआप संपेल. हे एक वाक्य नसलं, तर पैसे थकल्यावर पुन्हा अर्ज, पुन्हा नोटीस, पुन्हा तारखा. जमा रक्कम हमीपत्रावर काढून घेण्याची परवानगीही त्याच वेळी मागा.

कापडपेठ:

मी दुसऱ्या बाजूचा आहे, तरी लिहितो. आमचंही दुकान भाड्याचं होतं, खाली हरलो, अपिलात जिंकलो. त्या तीन वर्षांत स्टे नसता तर दोन कामगारांसह रस्त्यावर आलो असतो. आम्हाला वाढीव रक्कम भरायला लावली होती. जड गेलं, पण दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरली. ताई, तुम्ही अट मागा, ते रास्तच आहे. ज्याला अपिलावर खरा भरवसा आहे, तो भरतो.

शेतबांध:

माझा हुकूमनामा पैशाचा आहे, उसनवारीचा. तिथेही हेच का?

दरखास्तवाली:

पैशाच्या हुकूमनाम्यात तुमची बाजू आणखी भक्कम. कोर्ट सांगेल ती रक्कम किंवा तारण अपीलकर्त्याने दिलं नाही, तर स्टे द्यायचाच नाही, असं नियम ५ मध्येच आहे. आणि अपील मुदतीनंतर दाखल झालं असेल, तर विलंबमाफीच्या अर्जावर निर्णय होऊन कोर्ट अपील ऐकायचं ठरवेपर्यंत स्टे नाही. अपिलाची तारीख तपासून घ्या.

घाटमाथा:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वकिलांशी बोलले. आत्मारामचा निकाल वाचून दाखवल्यावर त्यांनी लगेच म्हणण्याचा मसुदा बदलायला घेतला. शेजारच्या दोन गाळ्यांचे करार मिळाले, एक साडेअकरा हजारांचा, एक दहाचा. वॉरंटचा अर्जही दिला. कापडपेठ, तुमचं वाचून बरं वाटलं. आईलाही वाचून दाखवलं.

एकच शंका उरली. अपील फेटाळलं गेलं, तर तो उच्च न्यायालयात जायला मुदत मागेल. तेव्हा काय करायचं?

दरखास्तवाली:

मागेलच, आणि थोडे आठवडे बहुधा मिळतीलही. तेव्हा दोन गोष्टी मागा: भरपाई त्या काळातही चालू राहावी, आणि तिसऱ्या कुणाला ताबा देणार नाही असं हमीपत्र त्याने द्यावं. ते झालं की त्याच दिवशी उच्च न्यायालयात कॅव्हेट (आम्हालाही ऐका, अशी आगाऊ सूचना) टाका, म्हणजे तुम्हाला न ऐकता आदेश होणार नाही. कॅव्हेट ९० दिवस चालतं, संपत आलं की नवं. निकालाच्या नकलेचा अर्ज मात्र दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

घाटमाथा:

लिहून घेतलं. तारीख झाली की आदेशात काय आलं ते इथेच टाकते.