शिडाचं कापड कापायच्या आधी आखणी कशी करायची? पहिलं शीड वाया गेलं

देवगडी_होडी:
मंडळी नमस्कार. घरी जुनी १२ फुटी होडी आहे, इंजिन लावायच्या आधी तिला शीड होतं, डोलकाठी आणि परबाण (शीड जिला बांधतात ती तिरकी काठी) अजून माळ्यावर पडलेत, म्हटलं यंदा हौस म्हणून शीड शिवून बघू. परबाणाची बाजू १४ फूट, मागची मोकळी बाजू ११, खालची ८. सुती कॅनव्हास आणला ३६ इंच पन्ह्याचा, तीन पट्टे जोडून मोठी चादर केली (पट्टे परबाणाला समांतर), गच्चीवर पसरली, खडूने त्रिकोण मारला, कापला, शिवला. आता रडगाणं ऐका. मागची बाजू नुसती फडफडते, दोन-तीनदा खाडीत नेल्यावर ती ११ ची सव्वाअकरा फुटांवर गेली, परबाणाकडे मात्र कापड ताठ, आणि तिथे १४ च्या जागी साडेतेराच भरलं. वर एका जोडाला शेवटी एक पट्टा इंचभर जास्त आला तो मी सरळ कापून टाकला. परत कापड आणायच्या आधी विचारतोय, आखणी नेमकी कशी करतात? मशीन घरची साधीच आहे पण झिगझॅग मारते.

शिवणकाका_पुणे:
अहो शिवणीत काही चूक नाही, धागा चुकला. एक साधा रुमाल घ्या, काठाला धरून ओढा, हलणार नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा, बघा कसा लांबतो, बायका ज्याला उरेब म्हणतात ते हेच. तुम्ही पट्टे परबाणाला समांतर ठेवलेत म्हणजे सरळ धागा परबाणाला गेला, जिथे लाकूड आहे, बांधायला दोरी आहे, कापड ताणलं जायचा प्रश्नच नाही. आणि ज्या बाजूला काहीच आधार नाही ती मागची बाजू गेली उरेबवर, तुमच्या मापात साधारण ३५ अंशाने. ती लांबणारच हो. पट्टे मागच्या बाजूला समांतर टाका, कापडाचा काठ त्या बाजूला. मग उरेब आपोआप परबाणाकडे येतो, तिथे परबाण सांभाळून घेतं.

बाकी मी शिडं शिवत नाही, बाल्कनीची कव्हरं आणि चांदण्या (वर ताणायची कापडी छतं) शिवतो, पण हा नियम दोन्हीकडे एकच.

खलाशाचा_नातू:
काका बरोबर बोलले. आमच्याकडे आजो शिडं शिवायचा, लहानपणी त्याच्या शेजारी बसून मेण लावलेली सुतळी ओवून द्यायचं काम माझं. तो कापडावर आधी कधीच काही आखायचा नाही. "झीला, कातर मगे, आधी दोरी ताण." शिडाचं पूर्ण मापाचं चित्र जमिनीवर काढायचं आणि कापड त्याच्यावर आणून टाकायचं, हा सगळा खेळ. तू उलटं केलंस, कापड पसरून त्याच्यावर त्रिकोण मारलास.

तुझ्या मापात सांगतो. आधी मागच्या बाजूची ११ फुटी रेघ मार. तिच्या खालच्या टोकाला दोरी धरून ८ फुटाचा कंस, वरच्या टोकाला धरून १४ चा कंस, दोन्ही कापतील तो पुढचा कोपरा. दोरी नायलॉनची नको, ताणली की माप बदलतं, सुती किंवा तार घे. मग या सरळ रेघांवर बाक काढायचे, कारण शीड सरळ कापलं तर त्याला पोट येत नाही, म्हणजे ते वाऱ्यात फुगत नाही, आणि पोट नाही तर ते शीड नाही, दाराचा पडदा आहे. परबाण दोन टोकांना टेकव, मधे ओढून बघ वाऱ्यात किती वाकेल, तेवढा बाक बाहेरच्या बाजूला अधिक पोटासाठी इंच-दीड इंच. खालच्या बाजूला तीनेक इंच बाहेर. मागची बाजू मात्र आत, दीड-दोन इंच पोकळ, तीच तुझी फडफड थांबवेल. बाक हाताने काढू नकोस, कळकाची लांब कांबट (बांबूची चिरलेली पट्टी) घे, एकसारखी तासलेली, दोन टोकांना आणि मधे विटा ठेवून वाकव आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरव. कांबट जिथे अडते तिथे रेघेला कोपरा पडतो, तो उद्या शिडात दिसतो.

आता कापड. मागच्या बाजूपासून सुरुवात, पहिल्या पट्ट्याचा काठ त्या रेघेवर, दुसरा त्याच्यावर दीड इंच चढवून, तिसरा तसाच. तुझ्या शिडाची या दिशेने रुंदी साधारण ८ फूट भरते म्हणजे ३ पट्टे पुरतात, साधारण १२, ८ आणि ४ फुटांचे. ८ मीटर लागेल, पण ठिगळं-पट्ट्या धरून १० आण.

मंडपवाला_कोल्हापूर:
ताडपत्री आणि मंडपाचं कापड शिवण्यात वीस वर्षं गेली म्हणून दोन गोष्टी. एक, सुती कॅनव्हास धुतला होता का? कोरं सुती कापड भिजलं की आटतं, साडेतेरा त्यातूनही आलं असेल. रात्रभर भिजवून सावलीत वाळवायचा, मगच माप. दुसरं, तो इंचभर जास्त आलेला पट्टा. मशीनचे दात खालचं कापड पुढे ओढतात आणि वरचं मशीनच्या दाबायच्या पायाखाली मागे राहतं, १० फुटात इंच सहज जातो. कातर लावायच्या आधी दोन्ही पट्ट्यांवर आडव्या जुळणीच्या खुणा मारायच्या, दर फुटाला एक, आणि शिवताना खूण खुणेला आली की नाही बघत जायचं, नाही आली तर तिथेच थांबून उसवायचं. शेवटी कापून टाकणं म्हणजे वाकडेपणा कायमचा शिडात बसवणं. आणि बॉलपेन वापरू नका राव, शाई ओल्या कापडात पसरते आणि जात नाही. मऊ पेन्सिल, नाहीतर शिंप्याचा निळा खडू. कडेला दुमडायला दोन इंच सोडा, दीडची पट्टी आणि अर्धा आत.

खलाशाचा_नातू:
मंडपवाले, सरळ कडेला दोन इंच दुमडून चालेल, बाकदार कडेला नाही, घड्या पडतात. आजो काय करायचा, बाकाच्या कडेला तीन इंच जास्त ठेवायचा, मग ती पट्टी कापून काढायचा, आणि तीच पट्टी उचलून त्याच जागी आत सरकवून शिवायचा. कापून परत तिथेच शिवायची, लहानपणी मला हा वेडेपणा वाटायचा. पण पट्टीतला धागा आणि शिडातला धागा एकाच दिशेला राहतो, दोन्ही सारखे ताणले जातात, कड गोळा होत नाही. कोपऱ्याच्या ठिगळांचंही तेच, तीन थर लाव पण धागा शिडाच्या धाग्याला जुळव.

शिवणकाका_पुणे:
वा, हे मला माहीत नव्हतं, चांदणीच्या गोल कडेला करून बघतो. जाता जाता, इंग्रजीतला डंगरी शब्द आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून गेलाय, तिथे विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड शिडांनाही वापरायचे. आणि २०२५ मध्ये कारवारला नौदलाने ती फळ्या टाके घालून बांधलेली कौंडिण्य नौका ताफ्यात घेतली, तिची शिडंही सुतीच, पण चौकोनी. चौकोनात धागा चुकवायला तुम्हाला फार कष्ट पडले असते ;)

देवगडी_होडी:
हसा हसा. आत्ता रुमाल ओढून बघितला, बायको विचारते काय चाललंय. परबाणही टेकवून मोजलं, मधे पावणेतीन इंच वाकतंय. गच्चीवर वाऱ्याने कापड हलतं म्हणून देवळाचा हॉल मागितलाय, गुरवकाका म्हणाले फरशीवर पेन्सिल चालेल पण पुसून द्यायची. कापड आत्ता टाकीत भिजतंय. एकच राहिलं, जुन्या शिडाचं काय करू?

मंडपवाला_कोल्हापूर:
उसवा, ठिगळांना वापरा. एकदा आटलेलं कापड आहे, परत फारसं आटणार नाही.