हायड्रॉक्सीअपेटाइटचे सच्छिद्र दाणे भट्टीतून निघाल्यावर भुरभुरतात

प्रश्न (कोल्हापूर, राजारामपुरी)
हाडातली पोकळी भरायचे हायड्रॉक्सीअपेटाइटचे (हाडातल्याच खनिजाचे, एका कॅल्शियम फॉस्फेटचे) दाणे करतोय, सध्या फक्त प्रयोगशाळेपुरते. माप 1 ते 2 मिमी, भोकं 300 ते 500 मायक्रॉन. फौंड्रीतल्या सिरॅमिक फोम फिल्टरचीच रीत: 45 पीपीआयचा (इंचाला 45 भोकांचा) पॉलियुरेथेन फोम घोळात बुडवून पिळायचा, वाळवायचा, भाजायचा. पावडर कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि फॉस्फोरिक आम्लापासून घरचीच, 110 अंशांना वाळवलेली. तापवायचा वेग मिनिटाला 5 अंश, 1250 ला 2 तास. निम्मा माल भट्टीतच फुटतो, उरलेला आठवड्याभरात हाताला पीठ लागतं. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीची भट्टी मोकळी असते, ती वापरली तर?

उत्तर 1
भावा, हे दोन वेगळे रोग आहेत. भट्टीत फुटतं ते वेगामुळे. फोम साधारण 200 ते 400 अंशांत जळतो आणि त्याचा वायू जाळीच्या कच्च्या काड्या फोडून बाहेर पडतो. 150 ते 500 अंश मिनिटाला अर्धा अंश या वेगानेच जा, पावणेबारा तास लागतात, लागू देत. पुढे 3 ते 5 अंश चालेल. हा धूर विषारी असतो, एक्झॉस्टशिवाय जाळू नका.

शिवाय, नुसती वाळवलेली पावडर फार बारीक असते. ती पाणी पिते आणि वाळताना आक्रसून तडकते. 900 अंशांना 2 तास भाजून बॉल मिलमध्ये दळा. मग 100 ग्रॅमला 45 ते 50 ग्रॅम पाणी, दीड ग्रॅम (कण सुटे ठेवणारं) अमोनियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, 2 ग्रॅम पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, चिकटवायला). घोळ बासुंदीइतका दाट हवा. पातळ राहिला तर काड्यांवरून ओघळतो, फार घट्ट झाला तर खिडक्या (भोकं एकमेकांत उघडणाऱ्या वाटा) बुजतात. बुजलेली खिडकी हे सगळ्यात मोठं नुकसान: सच्छिद्रता 70 टक्के भरली तरी भोकं एकमेकांत उघडत नसतील, तर रक्तवाहिन्या आत शिरणार कुठून? फोम आधी कॉस्टिकच्या द्रावणात ठेवून धुतला की पातळ पडदे जातात, घोळही नीट चिकटतो.

फोम जळाल्यावर काडी आतून पोकळ राहते. हलकं भाजून पातळ घोळाचा दुसरा हात दिला की ती भरते.

उत्तर 2
आठवड्याने पीठ होतंय म्हणजे मोकळा चुना. कॅल्शियम-फॉस्फरसचं मोलर (अणूंच्या संख्येचं) गुणोत्तर 1.67 च्या वर गेलं की भाजताना कॅल्शियम ऑक्साइड सुटतो. तो हवेतलं बाष्प घेऊन फुगतो आणि दाणा आतून उकलतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लवकरच. एक दाणा कुटून पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (चुना असला की गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) थेंब टाका. गडद गुलाबी झालं तर हेच कारण. नंतर एक्सआरडीने (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीने) पक्कं करा.

100 ग्रॅम हायड्रॉक्सीअपेटाइटला शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड (विरलेला चुना) 73.75 ग्रॅम आणि 85 टक्के फॉस्फोरिक आम्ल 68.9 ग्रॅम लागतं. मात्र दोन्हींची शुद्धता टायट्रेशनने काढूनच वजन करा. उघड्या डब्यातला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, आम्ल पाणी ओढतं. बाटलीवरच्या आकड्यावर विसंबलं की गुणोत्तर हललंच. आम्ल थेंबाथेंबाने, सतत ढवळत, पीएच 9 च्या खाली जाऊ न देता.

उत्तर 3
फौंड्रीची भट्टी नको. लोखंडाची धूळ, जुन्या विटांचे कण, आधीच्या मालाची वाफ, सगळं दाण्यात उतरतं. या पदार्थाच्या मानकांत शिशाला 30, आर्सेनिकला 3, कॅडमियम आणि पाऱ्याला प्रत्येकी 5 पीपीएम (दशलक्षात 5 भाग) इतकीच मुभा आहे. स्वच्छ मफल (बंद कप्प्याची) भट्टी घ्या, अ‍ॅल्युमिनाच्या मुशीत त्याच पावडरीचा थर अंथरून त्यावर माल ठेवा.

पूर्ण भाजल्यावर कुटलं तर धारदार कडा आणि खूप चुरा निघतो. 900 अंशांच्या कच्च्या भाजणीनंतर नायलॉनच्या दांड्याने तोडा, लोखंडी खल नको. आक्रसणं 20 टक्के धरलं तर त्या टप्प्याला चाळणी 1.25 ते 2.5 मिमी लागेल. स्वतःचं आक्रसणं एका तुकड्यावर मोजून घ्या. डब्यात हलकेच घोळवून कडा मोडा, मग शेवटची भाजणी. नंतर शुद्ध पाण्यात अल्ट्रासोनिकने धुवा, पाणी नितळ निघेपर्यंत. 10 मायक्रॉनखालचा चुरा पेशी गिळतात आणि तिथे सूज येते.

प्रश्नकर्ता
फिनॉल्फ्थॅलिन गडद गुलाबी झालं. चुना नव्याने टायट्रेट करतो. पुढे 60:40 मिश्रण करायचंय, हायड्रॉक्सीअपेटाइट 60 आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट (दुसरं एक कॅल्शियम फॉस्फेट) 40. तेही 1250 लाच?

उत्तर 2
नाही. बीटा रूप 1125 च्या आसपास अल्फा रूपात बदलतं. अल्फा जास्त विरघळतं, शिवाय बदलताना आकारमान वाढून तडे जातात. 1100 च्या आत ठेवा आणि वेळ 3 ते 4 तास करा. दाणा थोडा नाजूक राहील, पण सूक्ष्म छिद्रं टिकतील.