आधी कंबर, मग हात
सॉफ्टबॉल खेळणाऱ्या बारा वर्षांच्या लेकीचे फटके सारखे उंच उडतात, काय करावं, असं एका पालकाने विचारलंय. त्यावर ‘बॅट वरून खाली मार’ असा सल्ला आलाय, तो मला पटत नाही. बारा वर्षांच्या मुलीत दोष बहुधा क्रमाचा असतो. पुढचा पाय टेकायच्या आधीच खांदे फिरतात, हात अंगापासून लांब जातात, बॅट उशिरा पोहोचते आणि चेंडूच्या खालून निघते. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, १२.१९ मीटरवरून ताशी ७० किमी वेगाने टाकत असेल, तर हाताशी पाऊण सेकंदही उरत नाही. एवढा मोठा वळसा त्यात बसतच नाही.

तिला जाळीसमोर उभं करा. बॅटची मूठ बेंबीला आणि टोक जाळीला टेकेल एवढंच अंतर ठेवा, आणि जाळीला न लागता स्विंग करायला सांगा. हात लांब गेले की जाळी वाजते, आपण ओरडायची गरज पडत नाही. सावकाश करू द्या. पाय टेकला, कंबर फिरली, मग हात. हे जमलं की टीवर, म्हणजे चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर, या. टी पुढच्या पायाच्या रेषेत हवी.

आणि बॅटचं वजन तपासाच! शाळेची बॅट अनेकदा मोठ्या मुलींच्या मापाची असते. एका हाताने ती आडवी धरताना दंड थरथरत असेल, तर हलकी बॅट द्या.